चार चॅनल कशाला लागतात? घरी बनवलेल्या स्पीकरसाठी ॲम्प निवडताना

आजच्या भागाला इअरफोनइतकाच मोबाइलमधला कॅल्क्युलेटर लागणार आहे, तो उघडून ठेवा. विषय आहे ॲम्प. सुताराकडून पेट्या करून घेतल्या, वूफर-ट्वीटर आणले, रेग्झिन चिकटवलं, आता त्याला ॲम्प कोणता लावायचा? मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "दादा, किती वॉटचा घेऊ?" आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं, की वॉटचं नंतर बघू, आधी तुझ्या पेट्यांमध्ये मिळून स्पीकर किती आहेत ते मोज.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आणि वाईट म्हणजे जे पैसे गेले ते वर्गणीचे होते. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

मी पुणतांब्याचा. राहाता तालुका, गोदावरीचा काठ, चांगदेव महाराजांची समाधी. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा बऱ्याच जणांनी आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. रेल्वेनं शिर्डीला गेला असाल तर स्टेशन तरी पाहिलंच असेल, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. सभामंडपात एक जुना ॲम्प आणि खांबावर दोन कर्णे. पुढं टाळ-पखवाजवाले, मागं भिंतीला टेकून म्हातारी माणसं. त्यातले एक तात्या, नात्यानं माझे चुलत आजोबा, मला रोज एकच सांगायचे, "आवाज लई येतो रे बाळा, पन शब्द कळत नाय."

तात्यांचं म्हणणं अगदी शास्त्रीय होतं. कर्णा बनवलाय लांब ऐकू जाण्यासाठी. मधल्या सुरांची एक पट्टी तो जोरात फेकतो, खालचं काढत नाही आणि वरचंही फारसं नाही. शेतात असलेल्या माणसाला 'हरिपाठ सुरू झाला' एवढं कळायला तो उत्तम. पण स, श, ट, त ही अक्षरं ओळखू येतात ती वरच्या सुरांमुळे. ते सूर गेले की वय झालेल्या कानाला नुसता गलका उरतो.

मग मंडळानं ठरवलं की दोन नीट पेट्या करायच्या. मी डिप्लोमा केलेला, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. चौदा हजार वर्गणी जमली. पैसे हातात देताना म्हणाले, "हिशोब नीट ठेव." त्यात १८ एमएम प्लायच्या दोन पेट्या, प्रत्येकीत एक आठ इंची वूफर आणि एक ट्वीटर, दोन्ही ८ ओहमचे. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

ॲम्प मात्र मी आकडा बघून घेतला. ऑनलाइन एक बोर्ड होता, '१२० + १२० वॉट', दोन चॅनल, किंमत हजाराच्या आत. त्याच्यासोबत वूफर-ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारा तयार क्रॉसओव्हर घेतला, प्रत्येक पेटीत एक. लावलं, वाजवलं. आवाज मोठा झाला. तात्यांना विचारलं. म्हणाले, "कर्णाच बरा व्हता."

काय चुकलं होतं? तयार क्रॉसओव्हर म्हणजे एक कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर. त्यांची किंमत काढताना स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा आहे असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात ८ हा आकडा फक्त नावाचा. वूफरचा ओहम सूर वर जाईल तसा वाढत जातो, त्यामुळे ज्या ठिकाणी त्यानं गप्प बसायला हवं तिथं तो बडबडत राहतो. त्यात माझा ट्वीटर वूफरपेक्षा जास्त तडफदार, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त ओरडणारा. दोघं दोन ते तीन हजार हर्ट्झच्या मध्ये एकमेकांच्या अंगावर बोलत होते, आणि शब्द कळण्यासाठी नेमकी हीच जागा महत्त्वाची. कंपन्या आपल्या स्पीकरसाठी क्रॉसओव्हर मोजून-मापून बनवतात. दुकानातला तयार तुकडा कुणाच्याच स्पीकरसाठी बनवलेला नसतो.

याला दुसरा रस्ता आहे, आणि चार चॅनलचा विषय इथून सुरू होतो. आवाज ॲम्पच्या आधीच वाटून घ्यायचा. मोबाइलमधून आलेला अर्धा-एक व्होल्टचा सिग्नल आधी एका छोट्या डीएसपी बोर्डात जातो. तिथं खालचे सूर वेगळे, वरचे वेगळे. मग वूफरला स्वतःचा ॲम्प, ट्वीटरला स्वतःचा. मध्ये कॉइल नाही. कुणाला किती जोर, कुणाला किती उशीर, कुठल्या सुरावर वाटणी, सगळं आकड्यात बदलता येतं. १९७६ मध्ये सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्युलेट-पॅकार्डमधल्या दोन इंजिनिअरांनी वाटणीची जी पद्धत मांडली, तीच आज जवळपास प्रत्येक डीएसपीमध्ये एक पर्याय म्हणून येते. आपण ती फुकट वापरतो.

तर हिशोब सोपा आहे. पेटीत दोन स्पीकर, पेट्या दोन, म्हणजे चॅनल चार. तीन-तीन स्पीकर असतील तर सहा. वेगळा सब असेल तर त्याचा एक वाढवा. यात एक सवलत आहे. एकाच पेटीतले दोन सारखे वूफर एका चॅनलवर चालतात, पण ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, आणि तो ॲम्प ४ ओहम झेपवणारा पाहिजे.

आता वॉटकडे येऊ. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेप आणि डेकवर 'पीएमपीओ' लिहिलेलं असायचं. हातात मावेल एवढ्या डेकवर हजार वॉट! अमेरिकेत असल्या फुगवलेल्या आकड्यांना लगाम घालायला १९७४ मध्येच नियम आणावा लागला होता. आजही बोर्डावर काय छापलंय त्याला फारशी किंमत नाही. पण एक गोष्ट खोटं बोलत नाही, ती म्हणजे सप्लायचा व्होल्ट.

कॅल्क्युलेटर घ्या. आजकालच्या बहुतेक क्लास डी बोर्डांचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरला जास्तीत जास्त सप्लायइतका व्होल्ट मिळतो. त्याचा वर्ग करा, त्याला ओहमच्या दुपटीनं भागा. २४ व्होल्टचा वर्ग ५७६. ८ ओहमला भागिले १६, उत्तर ३६ वॉट. ४ ओहमला भागिले ८, उत्तर ७२. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं.

माझ्या '१२० + १२०' वाल्या बोर्डावर टीपीए३११६ ही चिप होती. चिप चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. बनवणारी कंपनीच सांगते की २१ व्होल्टवर ४ ओहमला ५० वॉट, आणि सप्लाय २६ व्होल्टच्या पुढे नेऊ नका. आता ४ ओहमला १२० वॉट काढायचे तर उलटा हिशोब करा, ३१ व्होल्ट लागतात. म्हणजे चिपला जे चालतच नाही ते बोर्डावर छापलेलं. माझे स्पीकर ८ ओहमचे, सप्लाय २४ चा, म्हणजे मला मिळत होते ३० च्या आसपास.

हाच हिशोब गाडीच्या डेकला लावून बघा. गाडी चालू असताना बॅटरी साधारण १४.४ व्होल्ट. वर्ग २०७, ४ ओहमला भागिले ८, उत्तर २६ वॉट. टीडीए७३८८ नावाची एक नेहमीची चिप आहे, नावातच '४ × ४५ वॉट' म्हणून मिरवते. ते ४५ म्हणजे आवाज पूर्ण फाटलेल्या चौकोनी लाटेचे. साधा सूर घेतला तर तिच्याच कागदावर आकडा २६ वर येतो. आणि आपली सगळ्यांची पहिली प्रेयसी ४४४०? तिच्या दोन चॅनलला प्रत्येकी ६ वॉट, ब्रिज केली तर १९. तेवढ्यावर आपण अख्खी गल्ली जागवायचो ना!

त्यातच पुढच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वॉट लागतात किती? स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. माझ्या वूफरची ९० डेसिबल, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ९० डेसिबल. ३० वॉट दिले तर १५ डेसिबल वाढतात, १०५. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ कमी होतात. तात्यांची भिंत आठ मीटरवर, म्हणजे १८ कमी, ८७. दोन पेट्यांचे मिळून ३ वाढवा, ९०. समोरासमोर गप्पा मारतो तो आवाज साठच्या आसपास असतो. बंद मंडपात तर भिंतींमुळे आवाज एवढा कमीही होत नाही. म्हणजे ३० वॉट भरपूर झाले. ६० घेतले असते तर फक्त ३ डेसिबल वाढले असते, आणि ३ डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकला तरच कळतो. त्यापेक्षा ९० ऐवजी ९६ डेसिबलचा स्पीकर घेतला तर चौपट वॉटचा ॲम्प घेतल्यासारखं होतं. कुणी विचारलं पैसे कुठं घालू, तर माझं मत स्पीकरमध्ये घाला.

इथं एक आमच्याकडची गोष्ट सांगितली पाहिजे, पुण्या-मुंबईच्या मित्रांना ती पटकन सुचत नाही. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे २३० चा दाब कधी कधी १८० वर येतो. ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प असेल तर आत येणारा व्होल्टही त्याच प्रमाणात पडतो. समजा आत ३५-०-३५ चा डीसी आहे. तो झाला २७. वॉट व्होल्टच्या वर्गावर चालतात, त्यामुळे ८ ओहमला जिथं ७६ वॉटची मर्यादा होती तिथं ४७ उरतात. हरिपाठ रंगात आला की नेमका तेव्हाच आवाज फाटणार. एसएमपीएसचं तसं नसतं. ज्याच्या लेबलवर '१०० ते २४०' लिहिलंय तो १८० वरही २४ म्हणजे २४च देतो. मात्र काही स्वस्त एसएमपीएसना बाजूला ११०/२२० चं बटण असतं, त्यांचं लेबल नीट वाचा, ते फार खाली झेपवत नाहीत. आणि बटण चुकून ११० वर राहिलं तर फटाका.

एसएमपीएस किती ॲम्पिअरचा? चार चॅनल, प्रत्येकी ३० म्हणजे १२०. तोटा धरून २४ व्होल्ट ६ ॲम्पिअर, १४४ वॉट. खरं तर चारही चॅनल एकाच वेळी पूर्ण ताकदीनं कधीच वाजत नाहीत. ॲम्प बनवणारेसुद्धा वीजवापर मोजताना बहुतेकदा पूर्ण ताकदीचा आठवा भाग धरतात, गाण्यात सरासरी तेवढीच लागते. पण पखवाजाची थाप क्षणभरच असली तरी त्या क्षणाला करंट पाहिजेच, म्हणून मी सप्लायमध्ये चिंगूसपणा करत नाही.

मग चार चॅनल आणायचे कुठून? गाडीचा चार चॅनलवाला ॲम्प हा पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो. सोल्डर करायचं नसेल तर वाईट नाही. मजबूत धातूची बॉडी असते, प्रत्येक जोडीला गेनचा स्क्रू असतो. पण त्याच्या आतला क्रॉसओव्हर बहुधा ५० ते २५० हर्ट्झमध्ये फिरतो, तो सबसाठी आहे, ट्वीटरला अडीच हजारावर वाटणी लागते. म्हणजे डीएसपी वेगळा घ्यावाच लागतो. शिवाय तो १२ व्होल्टवर चालतो. चार चॅनलचे मिळून २०० वॉट काढायचे तर जुन्या पद्धतीचा ॲम्प ३३० वॉट खातो, म्हणजे पंचवीस ॲम्पिअर. तेवढा सप्लाय ॲम्पच्याच किमतीचा होतो. घरात मोठी बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी.

जुना एव्ही रिसीव्हर मिळाला तर मला तो जास्त आवडतो. मागं '५.१ ॲनालॉग इन' किंवा 'मल्टी चॅनल इन' अशी सॉकेटं असलेला शोधा. डीएसपीच्या चार वायरी तिथं खोचल्या की एकाच नॉबवर चारही चॅनल एकत्र कमी-जास्त होतात, ही फार मोठी सोय आहे. नव्या मॉडेलमध्ये ही सॉकेटं क्वचितच दिसतात. सबच्या सॉकेटमागं ॲम्प नसतो, तो नुसता सिग्नल बाहेर देतो, हे ध्यानात ठेवा. आणि 'प्रत्येकी १०० वॉट' हा आकडा बहुतेकदा दोनच चॅनल वाजवून काढलेला असतो.

लोकल '५.१ होम थिएटर' चालेल का? आतल्या बोर्डावर पाच वेगळे इनपुट असतील तर चालेल. बऱ्याचदा आत दोनच इनपुट येतात आणि बाकीचे आवाज तिथल्या तिथं फिल्टरनं बनवलेले असतात. अशात आपला डीएसपी जोडायला जागाच नाही. घेण्याआधी झाकण उघडून बघा, दुकानदार रागावला तरी.

एलएम३८८६ सारख्या चिपचे चार बोर्ड हा शौकिनांचा रस्ता. आवाज सुरेख. पण अधिक-उणे असा दुहेरी सप्लाय, जाड ट्रान्सफॉर्मर, आणि चार चिपची उष्णता घालवायला विटेएवढा हीटसिंक. मे महिन्यात आमच्या मंडपात? नको.

मी शेवटी टीपीए३११६ चेच दोन बोर्ड घेतले, यावेळी पुण्याला जाऊन, तापकीर गल्लीत हातात घेऊन, वजन बघून, कॉइलची जाडी बघून. २४ व्होल्टचा एक एसएमपीएस. डीएसपीसाठी एडीएयू१७०१ चा बोर्ड, दोन आत, चार बाहेर, अगदी आपल्या गरजेएवढा. त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, मोबाइलवर नाही. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी एका संध्याकाळपुरता कुणाचा तरी लॅपटॉप मागून घ्यावा. एकदा प्रोग्रॅम भरला की तो बोर्डाच्या मेमरीत राहतो, नंतर लॅपटॉप लागत नाही.

आणि इथं मी दुसऱ्यांदा माती खाल्ली. कार्तिकी एकादशीला पाच दिवस होते.

वायर वाचवायची म्हणून मी प्रत्येक पेटीला तीन तारांची केबल टाकली. वूफरची लाल, ट्वीटरची लाल, आणि दोघांना मिळून एक काळी. जुन्या ॲम्पवर हे चालून जायचं, कारण तिथं काळी म्हणजे ग्राउंड. ब्रिज आउटपुटमध्ये काळी तारही जिवंत असते! दोन्ही तारा सिग्नल ओढतात, एक इकडं एक तिकडं. दोन चॅनलच्या काळ्या एकत्र केल्या म्हणजे दोन ॲम्प एकमेकांवर शॉर्ट. बोर्ड दोनदा आपोआप बंद पडला, परत चालू झाला. तो बिचारा सांगत होता. मी हट्टानं आवाज वाढवला. तिसऱ्यांदा धूर आला. तेव्हा हे पक्कं लिहून घ्या, प्रत्येक स्पीकरला ॲम्पपासून स्वतःच्या दोन तारा. काळ्या कुठंही जोडायच्या नाहीत, बॉडीलाही नाही, ग्राउंडलाही नाही.

दुसरा बोर्ड आणला. नवीन केबल टाकली. घाईत डीएसपीच्या आउटपुटच्या दोन वायरींची अदलाबदल झाली. वूफरचा आवाज ट्वीटरला. पखवाजाची रेकॉर्डिंग लावली होती. एक थाप, आणि ट्वीटर गेला. कॉइलचा क्रॉसओव्हर असताना त्याच्या रस्त्यात कपॅसिटर असतो, तो मुकाट्यानं ट्वीटरला वाचवत असतो. आपण तो काढून टाकलेला.

म्हणून आता मी ट्वीटरला कायम एक कपॅसिटर सिरीजमध्ये ठेवतो. २२ मायक्रोफॅरड, नॉन-पोलर, १०० व्होल्ट. ८ ओहमला त्याची मर्यादा येते ९०० हर्ट्झच्या आसपास. माझी वाटणी २५०० वर, त्यामुळे तिथं तो फारशी लुडबूड करत नाही, पण डीसी आणि धुम दोन्ही अडवतो. तीसेक रुपयांची गोष्ट.

दुसरा पहारेकरी गेन. या चिपला २०, २६, ३२, ३६ डेसिबल असे चार गेन असतात, बोर्डावर रेझिस्टर किंवा जंपर बदलून ठरवता येतात. माझ्या डीएसपीतून जास्तीत जास्त ०.९ व्होल्ट बाहेर येतात. २६ म्हणजे वीसपट, १८ व्होल्ट, इतक्यात २४ च्या सप्लायची ताकद संपते. वूफरला हा बरोबर. २० म्हणजे दहापट, ९ व्होल्ट, ८ ओहमला १० वॉट. ट्वीटरला याच्यापेक्षा जास्त लागतच नाहीत. तो २० वर ठेवला की कुणी नॉब कितीही पिळला तरी ट्वीटरला दहाच्या पुढे मिळत नाही. आणि एक फायदा जास्तीचा, शांत बसलं की ट्वीटरमधून जी 'स्स्स' ऐकू येते ती एकदम कमी होते. बरेच बोर्ड ३२ किंवा ३६ वर लावून येतात, म्हणून लोकांना वाटतं चिपच सुसाट करते.

गुणगुण हा आणखी एक ताप. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सची वायर खोचली की 'गुंऽऽ' येतं ना? चार्जर आणि ॲम्प यांच्या ग्राउंडचा वेढा तयार होतो. तसंच डीएसपी किंवा ब्लूटूथचा बोर्ड ॲम्पच्याच सप्लायवरून छोटा कन्व्हर्टर लावून चालवला की बारीक किरकिर येते. मी डीएसपीला वेगळा ५ व्होल्टचा ॲडाप्टर दिला आणि प्रश्न मिटला.

बोर्ड खरंच किती देतो हे मोजायची एक युक्ती सांगतो, आमच्या गल्लीत तिच्यावरून मी आठवडाभर चेष्टेचा विषय झालो होतो. पाणी तापवायच्या रॉडवर २००० वॉट लिहिलेलं असेल तर त्याचा ओहम २६.५ असतो. २३० चा वर्ग भागिले २०००, करून बघा. असे तीन रॉड समांतर जोडले की ८.८ ओहम. म्हणजे फुकटात स्पीकरसारखा लोड, न ओरडणारा! तीन घरांतून तीन रॉड आणले, बादलीत ठेवले, त्यांच्या प्लगच्या पिनांना ॲम्पच्या तारा जोडल्या. मोबाइलवर टोनच्या ॲपमधून ५० हर्ट्झचा सूर लावला, साधा मल्टिमीटर त्या सुरावर बरोबर मोजतो. आवाज वाढवत गेलो. १६ व्होल्टच्या पुढं आकडा हलेना. १६ चा वर्ग भागिले ८.८, उत्तर २९ वॉट. कागदावरच्या १२० चा खरा भाव हा. फक्त एक शपथ घ्या, तारा जोडलेल्या असताना तो प्लग भिंतीतल्या सॉकेटच्या आसपाससुद्धा जाता कामा नये. एसएमपीएसच्या उघड्या स्क्रूवरही २३० असतात. बंद पेटी, अर्थिंग, फ्यूज, यात तडजोड नाही. मंदिरात पोरं सगळीकडे हात घालतात.

पहिल्यांदा चालू करताना ट्वीटरची वायर काढून ठेवा. आधी वूफर जोडून प्रत्येक आउटपुट ऐका, कुठून खालचं येतंय कुठून वरचं, खात्री झाली की मगच ट्वीटर. वाटणी बरोबर बसली का हे मोबाइलनंच कळतं. २५०० चा सूर लावा, मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडून पेटीसमोर मीटरभर धरा, आणि ट्वीटरच्या तारा उलट करून बघा. आवाज धाडकन पडला तर दोघं नीट जुळलेत, तारा परत सरळ करा. फारसा पडला नाही तर डीएसपीमध्ये एखाद्याला थोडा उशीर देऊन परत मोजा. मोबाइलचा माइक खरे डेसिबल सांगत नाही, पण कमी-जास्त बरोबर दाखवतो.

वीज गेली तर १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून हेच बोर्ड चालतात. मात्र चार्जर लावलेला असताना त्या २८ पर्यंत चढतात, चिपची मर्यादा २६. म्हणून चार्जिंग आणि हरिपाठ एका वेळी नाही.

एकादशीच्या आदल्या रात्री पेट्या मंडपात लागल्या. कर्णे बंद केले. बाहेर आवाज जायला नको अशी माझी इच्छा होतीच, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० च्या नियमांनी तसंही मनाई आहे. मंडळाला हिशोब दिला, त्यात जळालेला बोर्ड आणि ट्वीटर माझ्या नावावर लिहिले. कुणी काही बोललं नाही, पण वही दोनदा वाचली गेली.

तात्या भिंतीला टेकूनच बसले होते. हरिपाठ संपला, तरी उठेनात. मी जवळ गेलो, विचारलं, "तात्या, कळतंय का आता?"

"समदं कळतंय," म्हणाले. "त्या विणेकऱ्याला सांग, दुसऱ्या ओळीत तो रोज चुकतो."